लहान पत्त्यांवरही माणसं हवीत

माझ्या बायकोची वाचा गेली ती सकाळी, कणीक मळताना. मी डबा घेऊन प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये निघायच्या तयारीत होतो. ती ओट्यापासून वळली आणि मला काहीतरी म्हणाली. त्यात चढउतार होते, शेवटी प्रश्नासारखा सूर होता, पण एकही शब्द नव्हता. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी हसलोसुद्धा. मग तिचा उजवा हात परातीतून बाहेर येईना, आणि ती हळूहळू ओट्याला टेकत खाली बसली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिला धरून चालवता येत होतं. उजवा हात मात्र कामातून गेला होता. आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवून सांगितलं की भाषेचा भाग असतो तिथेच रक्त पोचलं नाही. तिला कळतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत, वाचताही येत नाही. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं, असंही ते म्हणाले. ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि रोज सकाळी उठल्याबरोबर मला तेच आठवायचं.

ती शाळेत समाजशास्त्र शिकवायची, गुजराती माध्यमाच्या शाळेत. दिवसभर गुजरातीत बोलून घरी आली की पायरीवरच जणू भाषा बदलायची. तिचे आजोबा इथल्या मराठी संस्थानच्या शिक्षणखात्यात होते, आणि त्यांच्या घरात मराठीचा धाक होता. मी सहज ‘चालशे’ म्हटलं तर ती लगेच ‘चालेल’ म्हणायची. आमच्या मुलीनं ‘बारी’ म्हटलं की ‘खिडकी’. आम्ही तिची थट्टा करायचो. आणि आता तिच्याकडे एकच शब्द उरला होता, तोही गुजराती, ‘नाही’ या अर्थाचा. ‘नथी.’

चहा हवा? नथी. उशी नीट करू? नथी. दुखतंय का कुठे? नथी. हो म्हणायचं असलं तरी तोंडातून तेच निघायचं. ते निघालं की तिलाही कळायचं की चुकीचं निघालं, आणि तिचे डोळे मोठे व्हायचे, दुसरंच कुणीतरी तिच्या तोंडून बोलल्यासारखे. मान हलवण्यातही गल्लत व्हायची. मी प्रश्न विचारायचा, तिनं नथी म्हणायचं, मी दुसरा विचारायचा, असं करत करत ती डाव्या हातानं पलंगावर थापटायला लागायची. एकदा संपूर्ण दुपार तिला काहीतरी हवं होतं. मी घरातली एकेक वस्तू तिच्यापुढे आणून धरली. पांघरूण, औषधं, चष्मा, फोटो, तिचं जुनं पाकीट, देवघरातली घंटासुद्धा. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून झोपली. काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

निजामपुऱ्यात एक तरुण मुलगी वाचा-उपचार करते, तिच्याकडे आम्ही जायचो. मुलगी मनमिळाऊ होती. तिच्याकडे जाड पुठ्ठ्यांची चित्रं होती. चेंडू, कप, कुत्रा, छत्री.

‘‘बहेन, आ शुं छे?’’ ती कपाचं चित्र धरून विचारायची.

माझी बायको कपाकडे बघायची, त्या मुलीकडे बघायची, आणि मान फिरवायची. जिनं एवढी वर्षं पोरांना नकाशे शिकवले, तिला कुणीतरी कप दाखवून हे काय आहे विचारत होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिनं ती चित्रं हातानं सारून दिली. त्यानंतर तिथे जायचं म्हटलं की ती पायात चप्पल घालू द्यायची नाही. घास तोंडाशी नेला तर ओठ मिटून घ्यायची. वजन उतरायला लागलं. मी रजेवर रजा वाढवत होतो, आणि मला दिवसेंदिवस खात्री वाटत होती की ती आतल्या आत दार लावून घेते आहे, आणि मी बाहेर उभा राहून नुसता कडी वाजवतो आहे.

पत्ते सापडले ते योगायोगानं. आमची मुलगी बेंगळुरूला नोकरीला आहे. ती आईच्या आजारपणात येऊन राहिली होती, पण नवीन नोकरी, रजा संपली, परत जावं लागलं. तिच्या खोलीतल्या कपाटातून मी एकदा जास्तीची चादर काढत होतो, बायको तिथेच खुर्चीत बसली होती. चादरीबरोबर एक डबी खाली पडली आणि आतले पत्ते फरशीवर पसरले. कॉलेजात असताना मुलीला मैत्रिणींबरोबर टॅरोचा, पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा, नाद लागला होता, तो संच. मी कधी नीट पाहिलाही नव्हता. भविष्य या प्रकाराशी माझं कधी जमलं नाही.

मी पत्ते गोळा करून डबीत कोंबत होतो, तर बायकोनं डावा हात पुढे केला. मी तिच्या मांडीवर पत्ते ठेवले. ती एकेक उलटायला लागली, सावकाश, एका हातानं. राजे, राण्या, काठ्या, पेले, तलवारी. एका पत्त्यावर ती थांबली. एक माणूस अंथरुणात उठून बसलाय, दोन्ही हातांत तोंड लपवलंय, मागच्या काळ्या भिंतीवर आडव्या तलवारी. तिनं तो पत्ता उचलला, माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

आजारानंतर ती मला पहिल्यांदा काहीतरी सांगत होती.

मी खाली फरशीवरच बसलो. ‘‘कळलं गं,’’ म्हटलं. ‘‘कळलं मला.’’ तिनं ‘नथी’ म्हटलं नाही. ती पुन्हा पत्ते चाळायला लागली आणि आणखी एक पुढे केला. वाकलेला माणूस, कवेत मावत नाहीत इतक्या काठ्या उचलून चालला आहे. या वेळी तिनं बोट माझ्याकडे केलं.

त्या दिवसापासून तो संच पलंगावरच असायचा. आमचे शब्द ठरत गेले, कुणी ठरवले नाहीत. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस, त्याच्यापुढे कुणीतरी पेला धरलाय आणि तो बघतही नाही, तो पत्ता म्हणजे ‘नको’. घोड्यावर बसलेलं मूल आणि वर मोठा सूर्य, म्हणजे ‘हो’. नाव चालली आहे तो पत्ता म्हणजे ‘मला बाहेर ने’. डोळ्यांना पट्टी बांधलेली, दोरीनं करकचून बांधलेली बाई, तिच्याभोवती तलवारी रोवलेल्या, तो पत्ता ती न बोलता हातात धरून बसायची, तेव्हा मी काही विचारायचो नाही.

माझी थोरली बहीण दांडिया बाजारातून अंगारा घेऊन आली होती. पलंगावरचे पत्ते पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

‘‘हे काय? तू आता पत्ते काढून भविष्य बघतोस?’’

‘‘नाही ताई. ती बोलते यांनी.’’

‘‘घरात आजारी माणूस आणि तुम्ही असलं काहीतरी आणून ठेवताय. कुणी सांगितलं हे?’’

ती बराच वेळ बोलत राहिली. बायकोनं पत्ते चाळले आणि काठ्या उगारून भांडणाऱ्या पाच जणांचा पत्ता ताईच्या मांडीवर ठेवला. ताईनं तो उलटसुलट करून पाहिला. मला हसू आवरेना. बायकोच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. ताईला काय ते कळलं की नाही माहीत नाही, पण ती अंगारा लावून लवकर गेली.

पण तेवढ्यावर भागेना. पत्त्यांचे कोपरे दुमडायला लागले. तिला सांगायचं असायचं ते त्या संचात नसायचं. ती सगळे पत्ते काढायची, पुन्हा पहिल्यापासून बघायची, मग हात आवळून बसायची. दोन शब्द सापडल्यामुळे उरलेले सापडत नाहीत याचा त्रास जास्तच व्हायला लागला होता. आणि सुरुवातीचे महिने निघून चालले होते. मी मुलीला विचारलं की असे आणखी संच मिळतात का.

‘‘बाबा, तुम्ही टॅरो विकत घेणार?’’ तिला क्षणभर हसू आलं. मी सगळं सांगितल्यावर ती गंभीर झाली.

तिनं मला जे शिकवलं ते मी अजून नवशिक्यांना सांगतो. टॅरोचे पत्ते अठ्ठ्याहत्तर. त्यात थोडे मोठे, नावाचे, आणि बाकीचे लहान, आपल्या खेळायच्या पत्त्यांसारखे एक्क्यापासून दश्शीपर्यंत आणि वर राजा-राणी वगैरे. मोठ्या पत्त्यांवर सगळीकडे चित्र असतंच. फरक लहान पत्त्यांत. काही संचांत लहान पत्त्यांवरही माणसं असतात, काहीतरी करत असलेली. काहींत नुसती चिन्हं, पाच पेले म्हणजे पाच पेले. ‘‘बाबा, लहान पत्त्यांवरही माणसं हवीत, हे आधी बघा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ऑरॅकल म्हणून जे विकतात ते वेगळं. त्यात कितीही पत्ते, काहीही चित्रं, आणि बहुतेकांवर वाक्यं लिहिलेली. आईला वाक्यं नकोत.’’

तरी मी चुकलोच. ऑनलाइन पाहताना जुन्या फ्रेंच पद्धतीचा एक संच फार देखणा वाटला. लाल-निळे-पिवळे रंग, लाकडी ठशांसारख्या रेषा. जाहिरातीत मोठेच पत्ते दाखवले होते. पार्सल आलं, बायकोनं उघडलं, पहिले काही पत्ते निरखून पाहिले, आणि मग पेले, पेले, पेले, तलवारी, तलवारी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘अगं, चुकलं माझं.’’ तिनं मनगटाच्या एका फटक्यानं सगळा संच पलंगाखाली पाडला. मी ते पत्ते गोळा करत असताना ती वरून ‘नथी, नथी, नथी’ म्हणत होती. पूर्वी मला ओरडायची तेव्हा असाच सूर असायचा.

मग मी ठरवलं, दुकानात जाऊन बघूनच घ्यायचं, तिला घेऊन. अलकापुरीत पहिल्या मजल्यावर स्फटिक, अगरबत्त्या आणि असे पत्ते विकणारं एक दुकान होतं. रिक्षातून नेलं, जिन्यावर धरून चढवलं. वर पोचेपर्यंत तिचा श्वास लागला होता. दुकानदारीण बाई मध्यमवयाची, रेशमी कुर्ता घातलेली. तिनं बायकोला खुर्ची दिली आणि तिच्याकडे वाकून विचारलं, ‘‘बहेन, तमारो सवाल शुं छे?’’

‘‘नथी,’’ बायको म्हणाली.

‘‘सवाल नथी?’’ बाईंना फार आवडलं ते. असं माणूस पहिल्यांदाच भेटलं म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं की आम्हाला भविष्य नको, चित्रं हवी आहेत, आणि सगळी चित्रं बघायची आहेत. त्या म्हणाल्या, संच आपणहून माणसाला ओढून घेतो, आणि सील फोडलं की त्यातली शक्ती दुसऱ्याच्या हाताला लागते. मी परत परत सांगत राहिलो. बायको काउंटरवरचे डबे डाव्या हातानं दूर सारत होती. हा नको, तो नको. डब्याच्या झाकणावरून आत काय आहे ते तिला कसं कळणार? दुकानात दोन मुली आल्या होत्या, त्या बघत उभ्या राहिल्या. बायकोच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड न झाकता, कारण झाकायला एकच हात होता आणि त्या हातानं तिनं माझी बाही धरली होती. मी समोरचा एक संच उचलला, पैसे दिले आणि तिला खाली आणलं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. मला एकाएकी वाटलं की मी हिला त्रास देतोय. ही गप्प राहिली असती तर कदाचित शांत तरी राहिली असती.

तो संच आपल्या देवदेवतांच्या चित्रांचा निघाला. सुंदर होता. लहान पत्त्यांवरही माणसं होती. बायकोनं पहिला पत्ता उचलला, त्यावर देवी होती, तिनं तो कपाळाला लावला. दुसराही लावला. मग सगळा संच नीट जुळवून तिनं माझ्याकडे दिला आणि देवघराकडे बोट केलं. देवीचा पत्ता दाखवून मला लघवीला ने असं ती म्हणू शकणार नव्हती. मला ते आधी सुचायला हवं होतं. तो संच आजही देवघरात आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात ते सुरू झालं. जुन्या संचात एक पत्ता आहे, पांढऱ्या घोड्यावर बसलेला चिलखतातला सांगाडा. खाली एक राजा मरून पडलाय, बाकीचे गुडघे टेकून आहेत. मृत्यूचा पत्ता. संध्याकाळी मी तिला वरणभात भरवत होतो. तिनं तो पत्ता शोधून काढला आणि ताटाशेजारी ठेवला. त्यावर बोट टेकवलं. मग ते बोट स्वतःकडे केलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या हातातला घास ताटात पडला.

‘‘असं का गं?’’ मी म्हटलं. ‘‘असं काही होणार नाहीये. डॉक्टर म्हणाले ना.’’

तिनं पुन्हा पत्त्यावर बोट टेकवलं, जोरात.

‘‘मरायचंय तुला?’’

‘‘नथी.’’

त्या शब्दाचा काही भरवसा नव्हता. मी ‘नको’चा पत्ता शोधून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उडवून दिला. मी सूर्याचा ठेवला, तोही उडवला. आणि परत त्या घोड्यावर बोट. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. मी ताट उचलून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी औषधांचा डबा तिच्या हाती लागणार नाही असा वरच्या फळीवर ठेवला. सुऱ्या आत टाकल्या. फोनवर त्या पत्त्याचा अर्थ शोधला. कुणी म्हणत होतं अंत, कुणी बदल, कुणी नवी सुरुवात. ती दुपारी झोपली असताना मी गच्चीत बसून स्वतः पत्ते काढले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पिसले, डोळे मिटून विचारलं, ही वाचेल का, आणि एक ओढला. दोन कुत्रे चंद्राकडे तोंड करून भुंकत होते. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला समजेना. मग मी सांगाड्याचा पत्ता शर्टाच्या खिशात घातला आणि बाकीचे परत नेऊन ठेवले.

संध्याकाळी तिनं तो शोधला. सगळे पत्ते काढले, एकेक बघितले, पुन्हा बघितले. मग तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला सहन होईना. तिचा एक शब्द मी चोरला होता. मी खिशातून काढून तिला दिला. तिनं तो छातीशी धरला आणि ती रडली. मी निजामपुऱ्याच्या मुलीला फोन केला. बायको जायला तयार नसली तरी ती मुलगी मला फोनवर सल्ला द्यायची.

‘‘काका, डॉक्टरांना आजच सांगा, लपवू नका,’’ ती म्हणाली. ‘‘आणि एक सुचवू? तुमचे पत्ते लहान आहेत. त्यांच्या डाव्या हाताला अजून नेमकेपणा नाही. चित्र मोठं असेल तर त्या नक्की काय दाखवताहेत ते कळेल.’’

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. आमच्या मुलीनं त्याच जुन्या चित्रांचा मोठ्या आकाराचा संच शोधून पाठवला, पत्ता वहीच्या पानाएवढा, चकाकी नसलेला कागद. चकचकीत पत्त्यांवर ट्यूबलाइट पडायची आणि ते बोटांतून निसटायचेही. ते पार्सल येईपर्यंत मी तिच्याजवळून हललो नाही. शेजारच्या बेन भाजी आणून द्यायच्या, दारातूनच ‘बधुं सारुं थई जशे’, सगळं ठीक होईल, म्हणायच्या, आणि मला दार लावून घ्यायची घाई असायची.

पार्सल आलं. मी विचार केला होता की तो एक पत्ता आधी काढून घ्यावा, मग हिंमत झाली नाही. तिनं संच मांडीवर घेतला आणि तोच पत्ता शोधला. मांडीवर सपाट ठेवला. बोट टेकवलं.

ते बोट सांगाड्यावर नव्हतं. घोड्यावरही नव्हतं. खाली उजवीकडे एक तरुण मुलगी गुडघे टेकून बसली आहे, डोक्यात फुलं, आणि तिनं तोंड फिरवलंय. लहान पत्त्यावर ती माझ्या नखाएवढी होती आणि बायकोचं बोट पडलं की सगळंच झाकलं जायचं. आता बोट तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं तळहातानं सांगाडा झाकला, पार झाकून टाकला, आणि ती मुलगी तेवढी उघडी ठेवली. नंतर हात स्वतःच्या छातीवर.

‘‘मुलगी?’’ मी विचारलं. ‘‘आपली मुलगी?’’

तिनं सूर्याचा पत्ता शोधायला हात घातला, पण तो सापडेपर्यंत तिला धीर नव्हता. तिनं माझा हात धरला आणि दाबला, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा.

मला मग सगळं समजलं. रोज संध्याकाळी मुलगी व्हिडिओ कॉल करायची. आई समोर दिसली की तिला रडू यायचं, आणि आईला दिसू नये म्हणून ती तोंड फिरवायची, कुणीतरी हाक मारल्यासारखं करायची, मग फोन बंद. मी ते पाहत होतो आणि मला त्याचा अर्थ कळत होता. बायकोला वाटत होतं की मुलीला आपल्याकडे बघवत नाही. आपण अशा झालो म्हणून ती तोंड फिरवते. इतके दिवस ती हेच विचारत होती.

मी मुलीला फोन केला, आणि आजारपणात जे केलं नव्हतं ते केलं, तिच्यावर ओरडलो. मग आई इतके दिवस काय विचारत होती ते सांगितलं. ‘‘येते मी,’’ ती म्हणाली.

ती आली तेव्हा बायको हिंचक्यावर, आमच्या झोपाळ्यावर, बसली होती. मुलगी पिशवी दारातच टाकून तिच्यासमोर खाली बसली, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोंड न फिरवता रडली. ‘‘आई, मी तुझ्यापासून लपवत होते गं. तुला वाईट वाटेल म्हणून.’’ बायको तिचा चेहरा डाव्या हातानं चाचपत होती, कपाळ, नाक, हनुवटी. आणि मग ती म्हणाली, ‘‘आवी.’’

आली, असं म्हणायचं होतं तिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुरुस्त करायची कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर शब्द येत गेले, थेंब थेंब. गुजराती आधी, मराठी मागून. ‘पाणी’ आलं तेव्हा ते कुठल्या भाषेतलं ते ठरवता येईना. मुलगी घरी असेपर्यंत बायको निजामपुऱ्याला जायलाही तयार झाली, पण चित्रं आपली नेली. आता तिथल्या मुलीच्या टेबलावर कपाऐवजी आमचे पत्ते असायचे, आणि ‘हे काय आहे’ याऐवजी ती ‘इथे काय झालं’ असं विचारायची. बायको अर्धं पत्त्यांनी, अर्धं शब्दांनी सांगायची.

सुरुवातीचे महिने संपले. डॉक्टर म्हणाले होते तसं मग येणं मंदावलं. पुढच्या हिवाळ्यात एक लहानसा झटका पुन्हा आला आणि आलेल्या शब्दांतले काही घेऊन गेला. मागून आलेलं ‘आली’ गेलं, ‘चहा’ राहिला. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कधी कधी सकाळी तिला उठवताना मला भीती वाटते की आज डोळे उघडून ती काय बोलेल, की काहीच बोलणार नाही. ती भीती औषधानं जात नाही.

संच मात्र वाढत गेले. मी आता निवड शिकलो आहे. चेहरे दिसायला हवेत, माणसं काहीतरी करत असायला हवीत, अक्षरं कमी, कागद खरखरीत, एका हातात मावेल असा किंवा मग मांडीवर ठेवण्याइतका मोठा, मधला नको. मांजरांचा एक आहे, त्यात ती हसते पण बोलत नाही. काळा-पांढरा एक आहे तो तिनं एकदाच पाहिला. मुलीनं मला संग्राहकांच्या एका गटात घातलं आहे, तिथे लोक संग्रह सुरू करायला पहिला कुठला घ्यावा म्हणून विचारतात. कडेला सोन्याचा मुलामा असलेले, मर्यादित प्रतींचे संच ते दाखवतात. मी तिथे फार बोलत नाही. कुणी विचारलंच तर सांगतो की सगळे पत्ते बघून घ्या, नुसते मोठे नाही.

गेल्या आठवड्यात एक नवीन आला. त्यात घरांची आतली चित्रं आहेत, स्वयंपाकघरं, जिने, खिडक्या, आणि प्रत्येकात एखादं माणूस. बायकोनं कात्रीनं स्वतः पार्सल उघडलं, मला हात लावू दिला नाही. सगळे पत्ते पाहून झाल्यावर तिनं दोन बाजूला काढले. एकात एक बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली आहे, वर जाते आहे की खाली ते कळत नाही. दुसऱ्यात रिकामं टेबल आहे आणि त्यावर उन्हाचा चौकोन. तिनं ते शेजारी शेजारी माझ्यापुढे ठेवले. मी विचारलं, ‘‘दमलीस?’’ तिनं मान हलवली, नाही. ‘‘बाहेर जायचंय?’’ नाही. ‘‘मुलगी?’’ नाही. मी तिच्या शाळेचं विचारलं, तिच्या माहेरचं विचारलं, माझ्याबद्दल विचारलं. ती चिडली नाही. मला कळेपर्यंत ती थांबून आहे. पत्ते अजून तसेच पलंगाशेजारच्या स्टुलावर आहेत, आणि चहा घेऊन गेलो की ती आधी त्यांच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.